अठ्ठाविसावा दिवस

रस्त्याचा असो की पुलाचा,
घन शेवटी माझ्याकडेच येतो,
फर्मागुडीच्या चढावरच्या या लॅबमध्ये,
जिथं तेवीस वर्षं मी एकच काम करतो :
तुटेपर्यंत दाबायचं
आणि आकडा लिहायचा.

पंधरा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच.
वजन आठ किलोच्या थोडं वर.
माझी धाकटी सहा महिन्यांची असताना एवढीच होती,
अशीच छातीशी धरून न्यावी लागायची.
अठ्ठावीस दिवस टाकीत बुडवून ठेवायचा.
कंत्राटदारांना घाई.
‘सोयरूबाब, सात दिवसांचाच बघा ना.’
सिमेंट कुणाचं ऐकत नाही.

तेव्हा आमच्या फाटकावर दोन बोर्ड होते.
एक सरकारी कॉलेजचा, ऊन खाऊन पांढरा पडलेला,
दुसरा दिल्लीने पाठवलेल्या संस्थेचा, स्टीलच्या अक्षरांचा.
अशा संस्था देशभर पेरलेल्या.
आमच्या वाट्याची उगवली, पण तिला जमीन मिळेना,
म्हणून आली आमच्या दोन मजल्यांवर बिऱ्हाडाला.
‘वर्षभराचा प्रश्न आहे,’ साहेब म्हणाले.
वर्ष दाबून बघायचं मशीन आमच्याकडे नाही.

गोवा म्हणजे समुद्र, असं समजून पोरं यायची.
बॅगेत गॉगल, रंगीत चड्ड्या.
बसमधून उतरली की समोर चढ,
देवळाची घंटा,
आणि खनिजाच्या ट्रकांनी तांबडी केलेली झाडं.

मिझोरामची लालरिनपुई त्यातलीच.
यादीत तिने गोवा सोळावा लिहिला होता.
पहिल्या पंधरांनी हिला घेतलं नाही, असं हसत सांगायची.
तिच्या गावचा पूल दरवर्षी वाहून जातो
आणि दरवर्षी तोच माणूस तो बांधतो.
टाकीत वाकून बघायची, बराच वेळ.
एकदा म्हणाली, ‘मला इथं येऊन आज अठ्ठावीस दिवस झाले.
आता मला दाबून बघा, भैया.’
मी हसलो. ती हसली नव्हती,
हे मला रात्री जेवताना कळलं.

मग जमीन सापडली.
आमचाच सडा.
काजू, गुरं, आणि पावसाळ्यात चार महिने
कुणीच न लावलेली फुलं.
ग्रामसभेत मी सगळ्यांच्या मागे उभा होतो.
सरकारी नोकर.
हात वर केला नाही, खाली ठेवला नाही,
खिशात ठेवला.
धाकूने वळून तेवढंच पाहिलं.
सख्खा भाऊ,
त्या दिवसापासून माझ्याकडे पाणीसुद्धा पीत नाही.
त्याचा मुलगा मात्र आला परवा,
प्रवेशपरीक्षेचा फॉर्म माझ्या फोनवरून भरायला.
‘बाबांना माहीत आहे,’ म्हणाला.

आणि सोमवारी तो घन आला.
वर निळ्या मार्करने : हॉस्टेल, ब्लॉक बी, पाया.
शेजारी तारीख आणि आमच्या गावाचं नाव,
एक वेलांटी चुकलेली.
पुसून कोरडा केला. मशीनमध्ये ठेवला.
काटा चढू लागला. तीनशे. पाचशे.
मला नक्की काय हवं होतं, ते आजही सांगता येत नाही.
सहाशे.
सातशे अकरा किलोन्यूटनला आवाज झाला,
वाळकी फांदी मोडावी तसा.
कडा गळून पडल्या, मधे उरला डमरू,
वर रुंद, खाली रुंद, कंबर बारीक.
चांगलं काँक्रीट असंच मोडतं.
सातशे अकरा लिहिलं. सही केली.

पुतण्या दारातून बघत होता.
‘चांगला होता, तर मोडला कशाला?’
मी म्हटलं, हा इमारतीत जात नाही रे.
याच्याबरोबर एकाच घमेल्यातून ओतलेला,
तो जातो.
याने फक्त त्याच्याबद्दल सांगायचं असतं.

मोडलेले घन मागच्या भिंतीशी पडून असतात.
थोडे मी स्कूटरवरून घरी नेतो,
धाकूच्या आणि माझ्या परसामधल्या वाटेवर टाकतो,
चिखल होतो तिथं.
तो त्यावरून जातो, येतो.
बोलत नाही अजून.
परवा एक तुकडा डगमगत होता,
तो त्याने पायाने नीट बसवला.